जुन्या डीव्हीडी आणि व्हीसीडी घरच्या संगणकावर कशा उतरवायच्या

आत्याच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी होत्या. लग्न डिसेंबर २००४ मधलं, एरंडवण्यातल्या एका मंगल कार्यालयातलं. पहिल्या डिस्कवर सीमांतपूजन, दुसरीवर मंगलाष्टकं आणि सप्तपदी, तिसरीवर पंगत आणि पाठवणी. आज पहिली आणि तिसरी चालते. दुसरी ड्राइव्हमध्ये घातली की बराच वेळ घरघर होते आणि मग 'डिस्क वाचता येत नाही' एवढंच येतं. आजोबांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं स्वतः म्हटली होती, ती त्या दुसऱ्या डिस्कवर होती. पावसाळा संपला की निवांत करू, म्हणून मी हे काम एक वर्ष पुढे ढकललं होतं.

त्यानंतर गेल्या काही वर्षांत घरातल्या, शेजारच्या आणि नातेवाइकांच्या मिळून दीडशेच्या वर डिस्क मी संगणकावर घेतल्या. ज्यांना संगणकावर फाइल कॉपी-पेस्ट करता येते पण यातलं बाकी काही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कपाटात, माळ्यावर, टीव्हीखालच्या खणात अशा डिस्क असतील तर शक्य तितक्या लवकर हे काम हातात घ्या.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. ही दोन वेगवेगळी कामं आहेत. डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं हार्ड डिस्कवर आणणं, याला मी 'उतरवणं' म्हणतो. उतरवलेल्या मालाची मोबाइलवर, टीव्हीवर चालेल अशी लहान फाइल बनवणं, हे 'बदलणं'. बहुतेक जण डिस्क ड्राइव्हमध्ये ठेवूनच थेट बदलायला घेतात. मीही सुरुवातीला तेच केलं. सेटिंग चुकलं तर पुन्हा तीच डिस्क तासभर फिरवावी लागते, आणि वीस वर्षांच्या डिस्कला प्रत्येक फेरी जड जाते. बदलणं कितीही वेळा करता येतं, चार वर्षांनी चांगलं सॉफ्टवेअर आलं तर तेव्हाही करता येतं. उतरवायची संधी मात्र डिस्क जिवंत आहे तोवरच. म्हणून आधी सगळ्या डिस्क उतरवून घ्या. बदलायचं नंतर बघू.

हातात आलेली डिस्क कोणती आहे?

दिसायला सगळ्या सारख्याच, त्यामुळे संगणकात घालून आत कोणता फोल्डर आहे ते बघायचं. 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर दिसला तर ती डीव्हीडी. त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन जातींच्या फाइल असतात. चित्र आणि आवाज व्हीओबीमध्ये असतो, आयएफओमध्ये कुठून कुठवर काय आहे याची अनुक्रमणिका असते, आणि बीयूपी ही त्या अनुक्रमणिकेचीच जादा प्रत. एक व्हीओबी १ जीबीपेक्षा मोठी नसते, त्यामुळे एकच लग्न चार-पाच फाइलींत तुटलेलं दिसतं. ते बिघडलेलं नाही, रचनाच तशी आहे.

'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट प्रकारची एक मोठी फाइल दिसली तर ती व्हीसीडी. आपल्याकडे व्हीसीडीचं राज्य बरंच चाललं. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने अवघ्या अठ्ठावीस रुपयांत सिनेमाच्या व्हीसीडी विकायला सुरुवात केली, आणि घराघरांत त्यांची चळत साठली. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. म्हणजे व्हीसीडीत डीव्हीडीच्या जेमतेम पाव तपशील असतो. आठवण म्हणून तिची किंमत कमी होत नाही, पण ती बदलून 'एचडी' होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

तिसरा प्रकार म्हणजे हँडीकॅममधल्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क. त्या तबकडीवाल्या ड्राइव्हमध्येच, मधल्या लहान खाचेत ठेवायच्या. डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये कधीही घालू नका, अडकते. यातल्या कित्येक डिस्क 'फायनलाइज' केलेल्या, म्हणजे इतर यंत्रांना वाचता याव्यात म्हणून शेवटी बंद केलेल्या, नसतात आणि संगणकाला त्या कोऱ्या वाटतात. कोऱ्या समजून टाकून देऊ नका! तो कॅमेरा घरात किंवा कोणा नातेवाइकाकडे असेल तर चार्ज करून त्याच्या मेनूतूनच डिस्क फायनलाइज करा. कॅमेराच राहिला नसेल तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर अशा डिस्कच्या पोटात शिरू शकतं.

लॉक असलेल्या सिनेमांबद्दल

दुकानातून घेतलेल्या सिनेमाच्या बऱ्याच डीव्हीडींना कंपनीने कुलूप घातलेलं असतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये त्या दिसतात, पण फाइल कॉपी केल्या तर चित्राचे हिरवे-गुलाबी चौकोन होतात. ते कुलूप तोडण्याची कृती मी इथे देत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असं संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. व्हीसीडीत असं कुलूप घालायची सोयच नव्हती, त्यामुळे विकत घेतलेली व्हीसीडी संगणकावर सरळ वाचली जाते. तरी तुमची प्रत तुमच्या घरात पाहण्यासाठीच ठेवा, पेन ड्राइव्हवर घालून वाटू नका. आपल्या लग्नाच्या, मुंजीच्या, गॅदरिंगच्या डिस्कना कुलूप नसतं, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

काय काय लागेल

नव्या लॅपटॉपला डिस्कची जागा नसते. यूएसबीला लावायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतो, ऑनलाइनही मिळतो. घेताना सोबतची केबल बघून घ्या. काही ड्राइव्हना एका यूएसबी पोर्टची वीज पुरत नाही, म्हणून दोन टोकं असलेली केबल येते, ती दोन्ही टोकं लावायची. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टपेक्षा मागच्या पोर्टला लावा. 'डिस्क मधेच थांबते' अशा तक्रारींत कितीदा तरी दोष कमी पडणाऱ्या विजेचा असतो आणि डिस्क उगाच बदनाम होते.

कोणाचा जुना डेस्कटॉप अडगळीत पडला असेल तर त्यातला डीव्हीडी ड्राइव्हही मागून घ्या. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा निमूट वाचतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मला तर पंधरा वर्षांचा जाडजूड ड्राइव्ह नव्या चपट्या ड्राइव्हपेक्षा जास्त कामाला आला.

जागेचा हिशोब सोपा आहे. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, विंडोज ते ४.३८ दाखवतं. दोन थरांची असेल तर ८.५. म्हणजे एका थराच्या पन्नास डिस्कना २३५ जीबी पुरतात. एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क बहुतेक घरांना भरपूर झाली.

सॉफ्टवेअर तीन, तिन्ही फुकट: बघण्यासाठी व्हीएलसी, बदलण्यासाठी हँडब्रेक, आणि अडलेल्या डिस्कसाठी इमगबर्न. विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडी चालवायची सोय मुळात येत नाही, त्यामुळे व्हीएलसी हवंच. हँडब्रेक त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या, शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींतून नको. विंडोजवर ते चालू होताना मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम मागतं, तेही बसवून घ्यायचं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

डिस्क पुसणं

पुण्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या डिस्कवर बुरशीचे पांढुरके ठिपके येतात, कधी डिस्क पाकिटालाच चिकटते. ओढून काढू नका, पाकीट कात्रीने कडेकडेने कापा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून डिस्क हलकेच धुवा, मऊ सुती कापडाने टिपा. पुसताना मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही. माहिती गोलाकार वळ्यांत लिहिलेली असते. वळ्यांना आडवा गेलेला ओरखडा यंत्र सावरून घेतं, पण वळ्याच्या बाजूने गेलेला ओरखडा सलग माहिती खातो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्या वाटेला जाऊ नका, प्लॅस्टिक धुरकट होतं.

व्हीसीडीची वरची बाजू, म्हणजे जिथे नाव लिहितो ती, जास्त नाजूक असते. सीडीत माहितीचा थर त्या पृष्ठभागाच्या अगदी खाली असतो. डीव्हीडीत तो दोन पातळ तबकड्यांच्या मधोमध सुरक्षित असतो. म्हणून व्हीसीडीवर चिकटवलेलं कागदी लेबल खरवडून काढायला गेलात तर माहितीही सोलून निघते. लेबल तसंच राहू द्या.

डीव्हीडी उतरवणं

कुलूप नसलेली डीव्हीडी उतरवायला खास सॉफ्टवेअर लागत नाही. हार्ड डिस्कवर एक फोल्डर करा, त्याला तारखेसह नाव द्या, डिस्क उघडा आणि अख्खा 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर त्यात कॉपी करा. एकेक व्हीओबी वेचून घेऊ नका. आयएफओशिवाय पुढे प्रकरणांचा आणि वेळेचा घोळ होतो. चांगल्या डिस्कला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्या संगणकावर दुसरं जड काम करू नका.

कॉपी मधेच थांबली, 'सायक्लिक रिडंडन्सी' अशी चूक आली, तर पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत बसू नका. क्रम असा ठेवा: आधी डिस्क पुन्हा धुवून वाळवा. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. तरी नाही झालं तर इमगबर्न उघडा, त्यात 'डिस्कवरून इमेज फाइल बनवा' या अर्थाचा पर्याय निवडा आणि वाचायचा वेग ४एक्स वर आणा. कमी वेगाने फिरताना डिस्क थरथरत नाही आणि ओरखड्यावरून लेझर नीट जातो. इमगबर्न अख्ख्या डिस्कची एक आयएसओ फाइल देतं, ती हँडब्रेकला थेट चालते.

यानेही भागलं नाही, आणि डिस्क तितकी मोलाची असेल, तर लिनक्सवरचं (विंडोजऐवजी चालणारी दुसरी, फुकट प्रणाली) डीडीरेस्क्यू हे खरं शेवटचं हत्यार. त्याची युक्ती फार शहाणपणाची आहे. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं पटापट उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, आणि त्या जागांची नोंद एका वेगळ्या मॅप फाइलमध्ये ठेवतं. मग पुढच्या फेरीत फक्त त्या अडलेल्या जागांवर प्रयत्न करतं. ती मॅप फाइल जपली तर आज एका ड्राइव्हवर अर्धं काम करून पुढच्या महिन्यात दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेलं करता येतं. दोन ड्राइव्ह वेगवेगळ्या जागी अडतात, त्यामुळे दोघांचं मिळून डिस्क पूर्ण झाल्याचं मी दोनदा अनुभवलं. उबंटू या लिनक्सच्या प्रकाराचा पेन ड्राइव्ह बनवून लॅपटॉप त्यावरून सुरू केला की विंडोजला हात न लावता हे करता येतं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची सवय नसेल तर ज्याला आहे अशा कोणाला तरी शेजारी बसवा.

व्हीसीडीचं थोडं वेगळं

विंडोजवर 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल कॉपी करायची, झालं. लिनक्सवर मात्र हीच साधी कॉपी चूक दाखवून थांबते. व्हीसीडीत चित्र निराळ्या पद्धतीने लिहिलेलं असतं, त्यासाठी तिथे व्हीसीडीएक्सरिप वापरतात. नवख्याने व्हीसीडी विंडोजवरच उतरवावी.

व्हीसीडीत जास्त मिनिटं मावावीत म्हणून चित्राच्या भागाला चुका सुधारायची जादा माहिती दिलेलीच नाही. त्यामुळे ओरखडा आला की व्हीसीडी डीव्हीडीपेक्षा लवकर अडते, आणि वाचली गेली तरी चित्रात चौकोन उडतात. ते मूळ डिस्कवरचेच आहेत, तुमच्या हातून झालेले नाहीत.

उतरवलेली डॅट फाइल हँडब्रेकने घेतली नाही तर शेवटचं डॅट खोडून एमपीजी असं नाव द्या. बहुतेकदा तेवढ्यावर काम होतं. सिनेमा दोन किंवा तीन व्हीसीडींवर असेल तर प्रत्येक भाग एकाच सेटिंगवर वेगवेगळा बदलून घ्या आणि नंतर एमकेव्हीटूलनिक्स या फाइली जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकामागे एक जोडा.

आता बदलणं: हँडब्रेक

हँडब्रेक उघडलं की ते 'ओपन सोर्स' विचारतं. तिथे उतरवलेला 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर किंवा आयएसओ फाइल दाखवा. थोडा वेळ ते सगळं चाळतं आणि वर 'टायटल' असा खाना भरतो. टायटल म्हणजे डिस्कवरचा एक सलग व्हिडिओ. इथे पहिली मेख आहे. लग्नाच्या डीव्हीडीत बरेचदा एक टायटल सलग सगळ्याचं असतं, आणि मेनूसाठी त्याचेच तुकडे वेगळ्या टायटलमध्ये असतात. हँडब्रेक आपणहून सगळ्यात लांब टायटल निवडतं. त्याची लांबी डिस्कच्या एकूण वेळेशी जुळत असेल तर तेवढं एकच घ्या. जुळत नसेल तर प्रत्येक टायटल व्हीएलसीत उघडून बघा. मी एकदा घाईत फक्त लांब टायटल घेतलं, आणि हळदीचा वीस मिनिटांचा भाग वेगळ्या टायटलमध्ये होता तो राहून गेला. मूळ फोल्डर जपला होता म्हणून तो परत मिळाला.

प्रीसेटच्या, म्हणजे तयार सेटिंगच्या, यादीत 'जनरल'खाली 'फास्ट ५७६पी२५' निवडा. नावाप्रमाणे तो आपल्या पाल डीव्हीडीसाठीच आहे. अमेरिकेहून आलेली डिस्क असेल तर ४८०पी३० घ्या, कारण तिथली पद्धत वेगळी: ७२० बाय ४८० ठिपके आणि सेकंदाला तीसच्या आसपास चित्रं. यादीत १०८०पीचा प्रीसेट दिसेल, त्याने जुन्या डिस्कचं चित्र सुधारत नाही. नसलेला तपशील फाइल मोठी करून येत नाही. फॉरमॅट एमपी४ ठेवा, टीव्ही आणि मोबाइल दोन्हीकडे चालतो.

आता 'फिल्टर्स' टॅब. लग्नाच्या डिस्कच्या बाबतीत सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. त्या काळचे कॅमेरे सेकंदाला पन्नास वेळा अर्धं-अर्धं चित्र घेत: एकदा विषम ओळी, पुढच्या वेळी सम ओळी. जुन्या डब्यासारख्या टीव्हीवर ते छान दिसायचं. संगणकाच्या पडद्यावर मात्र दोन अर्धी चित्रं एकत्र आली की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. अक्षता उडतात तेव्हा, वरमाला घालताना हात वर जातात तेव्हा, बघा. हे दात काढणं म्हणजे डीइंटरलेस. ते न करता फाइल बनवली की हे दात तिच्यात कायमचे कोरले जातात, नंतर नीट निघत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घराने दुकानात पैसे देऊन फाइली करून आणल्या होत्या. सगळ्या लग्नभर हे दात, आणि मूळ डिस्क तोवर भंगारात गेलेल्या.

यासाठी 'डीइंटरलेस'च्या खान्यात 'याडिफ' निवडा, त्याच्या प्रीसेटमध्ये 'बॉब' घ्या, 'इंटरलेस डिटेक्शन' बंद ठेवा. मग 'व्हिडिओ' टॅबमध्ये जाऊन फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ५० करा आणि 'कॉन्स्टंट' निवडा. बॉब प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण चित्र बनवतो, त्यामुळे सेकंदाला पन्नास चित्रं मिळतात आणि हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी सरसर वाहते. फ्रेमरेट २५ वरच राहिला तर अर्धी चित्रं फेकली जातात आणि बॉबचा काही उपयोग राहत नाही. सिनेमाची डिस्क असेल तर हे करू नका. सिनेमा फिल्मवरून आलेला, त्याची चित्रं बहुधा अखंडच असतात. तिथे आणि व्हीसीडीलाही डीइंटरलेसची गरज नाही.

'व्हिडिओ' टॅबमध्येच एन्कोडर 'एच.२६४' ठेवा. 'एच.२६५'ने फाइल आणखी लहान होते, पण घरातला जुना टीव्ही ती उघडेलच असं नाही. आजी-आजोबांनी पेन ड्राइव्ह लावला आणि चित्र दिसलं नाही तर वाचवलेल्या जागेचा काय उपयोग? 'कॉन्स्टंट क्वालिटी'ची पट्टी १८ ते २२ च्या दरम्यान ठेवायची. आकडा लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मी घरगुती डिस्कला १९ ठेवतो. कमी उजेडात घेतलेल्या चित्रात जी वाळूसारखी सळसळ दिसते तिला फार जागा लागते, म्हणून तीन तासांच्या सिनेमापेक्षा दोन तासांच्या लग्नाची फाइल मोठी झाली तरी दचकू नका.

'डायमेन्शन्स'मध्ये कापणी बंद करा आणि बाकी काही बदलू नका. २००४ च्या आगेमागे घेतलेलं बहुतेक सगळं चित्रण ४:३ आकाराचं आहे. नव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळी पट्टी येते. ती नको म्हणून चित्र ताणलं की नवरा-नवरी दोघंही बुटकी आणि रुंद दिसतात. काळी पट्टी असू द्या.

'ऑडिओ'मध्ये 'एएसी', बिटरेट १६० पुरे. सिनेमाच्या डीव्हीडीला सबटायटल असतील आणि ती चालू-बंद करता यायला हवी असतील तर फॉरमॅट एमकेव्ही घ्या. डीव्हीडीतली सबटायटल म्हणजे अक्षरं नव्हे, चित्रं असतात, आणि एमपी४ मध्ये ती सगळीकडे दिसतीलच असं नाही.

सगळं लावून झालं की लगेच सुरू करू नका. 'प्रिव्ह्यू'मध्ये अर्ध्या मिनिटाचा नमुना काढा, जिथे धावपळ आहे असा भाग निवडून. तो आवडला तर ही सेटिंग आपल्या नावाने प्रीसेट म्हणून जपून ठेवा, आणि मग सगळ्या डिस्क एकेक करून 'अ‍ॅड टू क्यू'ने रांगेत लावा. रात्री सुरू करून झोपा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा, नाहीतर खालून हवा मिळत नाही. 'स्लीप' बंद करायला विसरू नका. तुमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जात असेल तर बुधवारी रात्री लांब रांग लावू नका. अर्धवट राहिलेली एमपी४ फाइल सहसा उघडतच नाही.

बघून घेणं

फाइल तयार झाली की सुरुवात, मध्य आणि शेवट बघा. शेवट तर नक्कीच, कारण अडलेल्या डिस्कचा शेवटच गायब झालेला असतो. आवाज आणि ओठ जुळतात का ते शेवटच्या पाच मिनिटांत तपासा. मागेपुढे होत असेल तर तिथेच कळतं. एकूण वेळ मूळ टायटलएवढाच आहे ना, तेही पाहा.

टीव्हीसाठी पेन ड्राइव्हवर घालताना 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप आला, तर पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आणि टीव्हीला एक्सफॅट कळत नसेल तर फाइलचे दोन भाग करा. फॉरमॅट केल्यावर त्यातलं आधीचं सगळं जातं हे लक्षात असू द्या.

यूट्यूबवर टाकायचा विचार असेल तर शूटिंगवाल्याने मागे लावलेली सिनेमाची गाणी आठवा. यंत्रणा ती ओळखते आणि हक्काचा दावा लागतो, कधी व्हिडिओ दिसेनासा होतो. घरच्यांना द्यायचं असेल तर हार्ड डिस्क हातोहात फिरवणं बरं.

नावं

तांत्रिक काम इथे संपतं, पण मला सगळ्यात जास्त तळमळ याच टप्प्याची आहे. 'मूव्ही १', 'न्यू फोल्डर २' या नावाची फाइल दहा वर्षांनी कोणी उघडत नाही. नावात आधी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घाला, म्हणजे फाइली आपोआप काळाप्रमाणे लागतात. मग प्रसंग, मग ठिकाण. जुने टीव्ही देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतात, म्हणून पेन ड्राइव्हवरच्या प्रतीला इंग्रजी अक्षरांत नाव दिलं तरी चालेल. मूळ संग्रहात मात्र मराठीतच ठेवा.

त्यानंतर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि व्हिडिओ लावा. आम्ही आजीबरोबर सलग चार दुपारी बसलो. ती सांगत गेली, मी मिनिटांसह वहीत लिहीत गेलो: बाविसाव्या मिनिटाला कोपऱ्यात उभी आहे ती नगरची मावशी, तिच्या मागे जोशीकाका, हे पान वाढतायत ते शेजारचे, पानशेतच्या पुरापासूनचा घरोबा. त्यातली निम्मी माणसं मी कधी पाहिलेली नव्हती. आजी मधेच गप्प व्हायची तेव्हा मी व्हिडिओ थांबवून ठेवायचो. ती वही आता टाइप करून प्रत्येक व्हिडिओशेजारी त्याच नावाच्या साध्या मजकूर फाइलीत ठेवली आहे. कोण कोण आहे हे कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही.

कुठे ठेवायचं

दोन हार्ड डिस्क, दोन घरांत. एक माझ्याकडे कोथरूडला, एक बहिणीकडे पिंपरीत. एकाच कपाटात दोन प्रती ठेवल्या तर गळकं छत किंवा आग दोन्हींना एकदमच गाठेल. पुण्यात हे आपण पाहिलेलं आहे. जानेवारी २००३ मध्ये लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती गेल्या. जतन करणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्यावरही ही वेळ आली.

दोन्ही हार्ड डिस्कवर उतरवलेले मूळ फोल्डरही ठेवा आणि बदललेल्या एमपी४ फाइलीही. वर्षातून एकदा, आम्ही दिवाळीच्या सुट्टीत करतो, दोन्ही लावून चार-पाच फाइली चालवून बघा. कपाटात बंद पडून राहिलेली हार्ड डिस्कही दगा देते.

आणि मूळ डिस्क भंगारवाल्याला देऊ नका. पाकिटातून काढून डबीत घाला, उभ्या ठेवा, ऊन आणि ओल लागणार नाही अशा कपाटात. आत्याच्या लग्नाची दुसरी डिस्क मी अशीच ठेवली आहे. डीडीरेस्क्यूने तीन ड्राइव्हवर मिळून तिच्यातली पहिली चौदा मिनिटं आणि शेवटची सप्तपदी काढून दिली. मधला मंगलाष्टकांचा भाग मॅप फाइलमध्ये अजून 'वाचता आला नाही' असाच नोंदलेला आहे. नारायण पेठेतल्या एका मित्राकडे २००५ च्या सुमाराचा ड्राइव्ह निघाला आहे. या रविवारी त्याच्यावर लावून बघणार आहे.